वरचा तारा दोन दिसतो

दुर्बीण परत पाठवताना तक्रारीच्या रकान्यात मी अर्धं पान लिहिलं. सत्तावीस वर्षं शाळेत भूगोल शिकवलेल्या बाईला थोडक्यात लिहिता येत नाही. संध्याकाळी आठच्या सुमाराला पूर्वेकडे बऱ्याच उंचीवर दोन ठळक तारे शेजारीशेजारी दिसतात. त्यांतल्या वरच्या ताऱ्यावर दुर्बीण लावली. डोळ्याशी लावायच्या दोन काचांपैकी मोठी लावली तेव्हा तो एकच दिसला. जास्त जवळून दाखवणारी छोटी लावली तर त्याचे दोन झाले. तीन संध्याकाळी पाहिलं, तिन्ही वेळा दोनच. सबब छोटी काच सदोष आहे, ती बदलून मिळावी. खाली नाव लिहिलं, मृणाली गाडेकर, निवृत्त शिक्षिका, संगमनेर. 'निवृत्त शिक्षिका' लिहायची काही गरज नव्हती, पण लिहिलं.

दुर्बीण लहानशीच होती, तिपाईवर बसणारी, हाताएवढ्या नळीची. वर्गात मी वर्षानुवर्षं सूर्यमालेचा तक्ता टांगला आणि राशींची चित्रं फळ्यावर काढली, पण रात्रीचं आकाश कधी मन लावून पाहिलं नव्हतं. घर, शाळा, सासूबाईंचं आजारपण यांतून वेळ मिळाला नाही असं मी सांगत असे. खरं म्हणजे सुचलंच नव्हतं.

अठरा दिवसांनी खोकं परत आलं. पाठवणाऱ्याचा पत्ता वळ, तालुका भिवंडी. आत छापील स्लिप होती, 'दोष आढळला नाही', आणि तपासणाऱ्याच्या जागी निळ्या शाईत 'सुवर्णा'. मला राग आला. दोन दिसतायत आणि म्हणे दोष नाही! मग दुर्बीण बाहेर काढली तेव्हा फोमच्या खाली घडी घातलेला वहीचा कागद सापडला. अक्षर मोठं, सरळ, शाळेतल्यासारखं.

'मॅडम, तुमच्या दुर्बिणीत दोष नाही. तुम्ही लिहिलेला तारा मी बघितला, तो मलाही दोन दिसला. मग तीच छोटी काच ठेवून खालचा तारा बघितला, तो एकच दिसतो. काच खराब असती तर तोही दोन दिसला असता. मग वरच्या ताऱ्यावर काच जागच्या जागी गोल फिरवली. ठिपके फिरले नाहीत. दोष काचेत असता तर काचेबरोबर फिरले असते. म्हणजे तो तारा दोनच असणार. कृपया परत बघावे. रागावू नये.'

मी त्याच संध्याकाळी गच्चीत गेले. आधी खालचा तारा लावला. एक. वरचा लावला. दोन, अगदी चिकटून, पांढरे, एक जरा मंद. काच धरून हळूहळू फिरवली. ठिपके जागचे हलले नाहीत. मी दुर्बिणीपासून बाजूला झाले आणि पाण्याच्या टाकीच्या कट्ट्यावर बसून राहिले. खालच्या ताऱ्याकडे बघायचं मला तीन संध्याकाळींत एकदाही सुचलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी वाचनालयात जाऊन पुस्तकं काढली. वरच्या ताऱ्याचं नाव कॅस्टर, खालच्याचं पोलक्स, दोन्ही पुनर्वसू नक्षत्रातले. कॅस्टर हा जोडतारा आहे हे जगाला तीनशे वर्षांपासून ठाऊक होतं. संगमनेरच्या निवृत्त शिक्षिकेला नव्हतं.

मग मी जे केलं ते चांगल्या मनानं केलं, एवढंच म्हणता येईल. कंपनीला ईमेल लिहिला. आपल्या वळ येथील गोदामातील सुवर्णा नावाच्या कर्मचारी अत्यंत कर्तव्यदक्ष आहेत, त्यांनी स्वतः आकाश पाहून तक्रारीची शहानिशा केली आणि हस्तलिखित चिठ्ठीतून मला समजावलं, त्यांचा गौरव व्हावा, वगैरे. चिठ्ठीचा फोटोही जोडला. 'आपल्या अभिप्रायाबद्दल धन्यवाद' असं उत्तर आलं आणि मला समाधान वाटलं.

मे महिन्यात धाकट्या बहिणीकडे कल्याणला गेले होते. भिवंडी तिथून जवळ. म्हटलं, या बाईला एकदा भेटून यावं. पेढ्यांचा खोका घेतला. कल्याणहून शेअर रिक्षानं कोन गाव ओलांडून अंजुरफाट्यापर्यंत, तिथून दुसरी रिक्षा. वळला पोचले तेव्हा संध्याकाळचे साडेसहा वाजले होते. दोन्ही बाजूंना निळ्या पत्र्यांची गोदामं, मध्ये कंटेनरची रांग, आणि गोदामांच्या फटीत मध्येच एखादं भाताचं खाचर, उन्हाळ्यानं भेगाळलेलं.

गेटवर पन्नाशीचा गार्ड होता. छातीवरच्या पट्टीवर नाव दौलत. मी सुवर्णाचं नाव काढलं तसा तो माझ्याकडे बघतच राहिला.

"तुम्ही संगमनेरच्या का?"

"हो. तुम्हाला कसं माहीत?"

"दुर्बीणवाल्या मॅडम! तुम्हीच मेल टाकला ना कंपनीला?" त्यानं रजिस्टर बंद केलं. "त्या मेलनं बिचारीची वाट लागली, मॅडम."

मला काही कळेना. मग त्यानं सांगितलं. गिऱ्हाइकाच्या पार्सलमध्ये छापील स्लिपशिवाय दुसरा कागद टाकायचा नाही, असा नियम होता. पूर्वी कुणीतरी असल्याच चिठ्ठीतून फोन नंबर पाठवला होता, तेव्हापासूनचा. माझा मेल वरच्या ऑफिसात गेला, फोटोसकट. वरून सुपरवायझर भावेशला विचारणा झाली. भावेशनं तिला मेमो दिला आणि परत आलेल्या मालाच्या तपासणीवरून काढून पॅकिंग लाईनला टाकलं.

"तिथं काय करावं लागतं?"

"खोकी चिकटवायची. उभ्यानं. पूर्ण ड्युटी उभ्यानं."

मी पेढ्यांचा खोका पिशवीत परत ठेवला. निघून जावं असं क्षणभर वाटलं, ते लपवण्यात अर्थ नाही. पण सातचा भोंगा झाला आणि बायका बाहेर पडू लागल्या. दौलतनं हाक मारली, "सुवर्णा, तुझे मेहमान आले बघ, पेढे घेऊन!"

छत्तीस-सदतीस वर्षांची, सडपातळ, ताठ चालणारी बाई जवळ आली. कपाळावरचे केस मागे घट्ट बांधलेले, बोटांना चिकटपट्टीचे बारीक काप. मी नाव सांगितलं. ती हसली नाही, रागावलीही नाही. "बस सुटायला वेळ आहे. चहा घेऊ," एवढंच म्हणाली.

रस्त्यापलीकडच्या टपरीवर आम्ही बसलो. मी माफी मागायला सुरुवात केली, तर तिनं हातानं थांबवलं.

"तुम्ही चांगलंच लिहिलं होतं, बाई. भावेश सरांनी मला वाचून दाखवलं. 'कर्तव्यदक्ष' असं होतं त्यात." ती बशीत चहा ओतत होती. "पण चांगलं असो नाहीतर वाईट, आमचं नाव वर गेलं की चौकशी होते. आमचं नाव वर जायला नको असतं."

"मी परत लिहिते. चूक माझी आहे असं स्पष्ट लिहिते."

"नको. आता काही लिहू नका."

शाळेत मी अनेक मुलांना गप्प केलं असेल. त्या संध्याकाळी मी गप्प बसले.

चहा संपत आला तेव्हा मी विचारलं, तिला ही परीक्षा कशी सुचली, काच फिरवून बघायची. त्यावर तिचा चेहरा जरा खुलला.

सुवर्णा आदिवासी, वारली घरातली. वज्रेश्वरीच्या अलीकडे डोंगराच्या अंगाला त्यांचा पाडा. वडील बुधा आणि आई ठकी थोडं भात पिकवतात, उरलेले दिवस मजुरीला जातात. ती आश्रमशाळेत दहावीपर्यंत शिकली आणि अठराव्या वर्षी मावशीकडे भिवंडीतल्या नारपोलीला आली. तिथं पॉवरलूमवरून, यंत्रमागावरून उतरलेलं कोरं कापड तपासायच्या कामाला लागली. काचेचं मोठं टेबल, खालून ट्यूबलाईट, आणि वरून कापड ओढत न्यायचं. तुटलेला धागा, तेलाचा डाग, दुहेरी पडलेला धागा, जे दिसेल त्यावर खडूची खूण करायची. नामा मेस्त्री नावाचे म्हातारे तपासनीस होते, त्यांनी पहिल्याच दिवशी शिकवलं. डाग दिसला की लगेच खूण करायची नाही. आधी कापड सरकवायचं. डाग कापडाबरोबर गेला तर कापडाचा, जागेवर राहिला तर टेबलाच्या काचेचा.

"आणि नजर जाईल तिकडे डाग गेला तर आपल्या चष्म्याचा," सुवर्णा म्हणाली. "मेस्त्री सांगायचे, खूण चुकीची केलीस तर विणणाऱ्याची मजुरी कापतात. म्हणून दोष कुणाचा ते आधी ठरव."

अकरा वर्षं तिनं ते काम केलं. मग मंदी आली, तो कारखाना बंद पडला. तोवर लग्न झालं होतं, नवरा दिनेश टेम्पो चालवायचा. दोघं अंजुरफाट्याजवळ भाड्याच्या खोलीत आली आणि ती वळच्या गोदामात लागली. दोन वर्षांत तिला परत आलेल्या मालाच्या टेबलावर बसवलं, कारण तिच्या हातून चुकीचा माल पुढे जात नव्हता. मिक्सर, इस्त्र्या, खेळणी, कुकर. दिवसाला शंभरावर वस्तू. लोक तक्रारीत 'खराब' एवढंच लिहितात. ती प्रत्येक वस्तू चालवून बघायची आणि शिक्का मारायची.

"तुमची तक्रार वाचायलाच मला पाच मिनिटं लागली," ती म्हणाली.

दुर्बीण तिनं आधी दिवसा तपासली. लांबच्या मोबाईल टॉवरवर लावली, तर टॉवर एकच आणि स्वच्छ. भावेश म्हणाला, शिक्का मार आणि सोड. पण तक्रार ताऱ्याची होती, टॉवरची नव्हती. तिनं वस्तू बाजूला ठेवली. सातला ड्युटी सुटल्यावर दौलतला विचारलं, गेटच्या बाहेर नेत नाही, मागच्या, ट्रक लागतात त्या डॉककडे दहा मिनिटं लावू का? तिथला दिवा गेला होता, म्हणून अंधार होता. दौलत म्हणाला, पावणेआठला बस आहे, तेवढ्यात उरक.

"आधी तारा सापडेना. तुम्ही लिहिलं होतं दोन शेजारी शेजारी, मग कळलं. पण लावला की सरकत जायचा. एकदा लागला तेव्हा मला दोन दिसले आणि मला वाटलं, झालं, बाई बरोबर आहेत, काच खराब." तिनं बशी खाली ठेवली. "पण मग मेस्त्रींचं आठवलं. खूण करायच्या आधी सरकवून बघ."

"आणि दौलतभाऊंनी बघितलं?"

"त्यांनी पण बघितलं. ते म्हणाले, हायवेवर ट्रक लांब असला की एकच दिवा दिसतो. जवळ आला की दोन होतात. तसंच असंल."

सत्तावीस वर्षांत मी एकदाही इतकं नेमकं उदाहरण दिलं नव्हतं.

बसचा हॉर्न वाजला. ती उठली, आणि उठता उठता तिनं विचारलं, "बाई, पण ते खरंच दोन आहेत का?"

तिला कुणी सांगितलंच नव्हतं. तिनं पडताळा घेतला, चिठ्ठी लिहिली, त्या चिठ्ठीपायी मेमो घेतला, दोन महिने उभ्यानं खोकी चिकटवली, आणि आपण बरोबर होतो की नाही हे तिला माहीत नव्हतं. शोधायचं तर तिच्या फोनवर सापडलं असतं, पण ताऱ्याचं नावच ठाऊक नसेल तर शोधणार काय?

"खरंच दोन आहेत," मी म्हणाले. "तीनशे वर्षांपूर्वी मोठमोठ्या लोकांनी दुर्बिणीतून पाहून ठरवलं. ते एकमेकांभोवती फिरतात. तुमचं अगदी बरोबर होतं."

ती पहिल्यांदा हसली. "पेढे आणलेत म्हणत होते दौलतभाऊ. कुठायत?"

मी खोका दिला. तो बसमधल्या बायकांत वाटत वाटत ती आत जाताना मला दिसली.

त्यानंतर आमचं फोनवर बोलणं होऊ लागलं, महिन्यातून एखाद्या वेळी. मी काही लिहिलं नाही, कुणाला काही सांगितलं नाही. ते अवघड गेलं. पावसाळाभर ती पॅकिंगलाच होती. पाय सुजायचे, ते मी विचारलं तरच सांगायची.

दिवाळीनंतर परत आलेल्या मालाचे ढीग लागले. तपासणीवर जे नवे होते ते वस्तू न चालवताच कुठलाही शिक्का मारत होते. चांगले मिक्सर भंगारात आणि बिघडलेले पुन्हा गिऱ्हाइकाकडे, असा गोंधळ. भावेश तिच्याकडे आला आणि म्हणाला, तात्पुरती ये. भावेश काही वाईट माणूस नव्हता. वरून विचारलं की घाबरायचा, एवढंच. सुवर्णा म्हणाली, येते, पण स्लिपवर कारण लिहायला एक ओळ पाहिजे.

"कशाला?" भावेश म्हणाला.

"मला सांगायचं असलं तर वेगळा कागद टाकावा लागणार नाही."

दोन आठवडे तसेच गेले. मग नव्या स्लिपा छापून आल्या. 'दोष आढळला नाही' याच्या खाली 'कारण' असं लिहून एक ओळ. तिनं मला फोनवर सांगितलं तेव्हा मी विचारलं, ती ओळ पुरते का? म्हणाली, "तुमच्या तक्रारीला नसती पुरली. बाकीच्यांना पुरते." ती अजून त्याच टेबलावर आहे. तात्पुरती हा शब्द कुणी परत काढला नाही.

फेब्रुवारीत मी पुन्हा कल्याणला गेले, या वेळी दुर्बीण घेऊन. सुवर्णाच्या खोलीची मालकीण हौसाबाई, सत्तरीच्या आगरी बाई. त्यांच्या दुमजली घराच्या गच्चीवर संध्याकाळी साडेसातला आम्ही तिपाई उभी केली. दक्षिणेकडचं आकाश दिव्यांनी पिवळं पडलेलं, पण पूर्वेला वर तारे होते. सुवर्णानं मला हात लावू दिला नाही. नळीच्या कडेनं नजर लावून तिनं एका झटक्यात तारा पकडला, स्क्रू आवळला आणि बाजूला झाली.

"बघा काकी. लवकर बघा, सरकतो तो."

हौसाबाई वाकल्या. त्यांनी एक डोळा हातानं झाकला. मग म्हणाल्या, "दोन हायत गो! ह्यो बारका धाकला भाऊ वाटतंय."

मी सांगितलं, हे पुनर्वसू नक्षत्र. त्यावर त्या सरळ उभ्या राहिल्या.

"पुनर्वसू? म्हंजी तरणा पाऊस? भाताच्या आवणीच्या टायमाला लागतो तो?"

"तोच. सूर्य या ताऱ्यांपाशी आला की तुमचा तरणा लागतो. पण तेव्हा ते सूर्याच्या उजेडात असतात आणि वर ढग, म्हणून दिसत नाहीत."

हौसाबाईंनी समोरच्या गोदामाच्या भिंतीकडे हात केला. "तिथं आमचं खाचर होतं. तरण्यात गुडघाभर चिखलात हुबं ऱ्हायचो. नाव घेऊन घेऊन जलम गेला, न् त्यो ह्यो, असं वर बगून कोनी दावलं न्हाय." मग म्हणाल्या, "म्हंजी नाव घेतो तवा दिसत न्हाय, न् दिसतो तवा नाव घेत न्हाय. बरं हाय!" आणि त्या खाली भाकऱ्या टाकायला गेल्या.

सुवर्णा मात्र दुर्बिणीपाशी बराच वेळ होती. तारा सरकायचा, ती पुन्हा लावायची.

"बाई, एकाभोवती एक फिरायला यांना किती वेळ लागतो?"

"साडेचारशे वर्षांच्या आसपास."

"मग यांना फिरताना बघितलं कुणी?"

"पूर्ण फेरी कुणीच बघितली नाही. एकानं लिहून ठेवलं, की या वर्षी धाकटा इथं होता. त्याच्यानंतरच्यानं बघितलं तर थोडा सरकलेला. त्यानंही लिहून ठेवलं. अशा नोंदी जोडत जोडत कळलं."

तिनं माझ्या पिशवीतली वही मागून घेतली, दोन ठिपके काढले, एक मोठा, एक लहान, आणि खाली तारीख घातली. मग म्हणाली, "हे माझ्याकडे ठेवते."

दुर्बीण मी तिच्याकडे ठेवायला दिली. देणगी म्हणून तिनं घेतली नसती, ते मला कळत होतं. मी म्हणाले, संगमनेरला माझ्या गच्चीसमोर नवी इमारत झाली आहे, पूर्व दिसत नाही. हे खरं होतं. ती म्हणाली, मग पावसाळा लागला की घेऊन जा, नाहीतर काचेला बुरशी येईल. तुमच्याकडे हवा कोरडी. असं ठरलं.

होळीला वारल्यांच्या पाड्यावर झाडून सगळे परततात, शहरात कुठंही कामाला असले तरी. सुवर्णा आणि दिनेश टेम्पोतून गेले, दुर्बीण गोधडीत गुंडाळून. पुढचं मला तिनं फोनवर सांगितलं.

चांदणं लख्ख होतं, पण हा तारा चांदण्यातही दिसतो. होळी पेटायच्या आधी, दिवेलागणीनंतर तिनं अंगणात तिपाई लावली. पाड्यावरची माणसं एकेक करून आली. प्रत्येकासाठी तारा पुन्हा लावायचा. बुधानं बघितलं, "दोन," म्हणाला आणि पुढच्याला जागा करून दिली. ज्यानं त्यानं दोन सांगितले. शेवटी आईला, ठकीला आणलं.

"एक हाय," ठकी म्हणाली. "न् त्यो बी कापसासारका."

सगळे हसले. कुणी म्हणालं, म्हातारीनं दुसराच तारा बघितला. सुवर्णानं स्वतः डोळा लावला. दोन. काच पुसली, परत बघितलं. दोन. पुन्हा आईला वाकवलं.

"आता डाव्या डोळ्यानं बघ, आये."

ठकीनं बघितलं. बराच वेळ बघितलं. "उजेड हाय," ती म्हणाली. "तारा न्हाय."

"मला तिथंच कळलं, बाई," सुवर्णा फोनवर म्हणाली. "दुर्बीण चांगली. आकाश चांगलं. बाकीच्या सगळ्यांना दिसतंय. तीन वर्षं आई म्हणत होती, आता सुईत दोरा ओवायला नको वाटतं. मी म्हणायचे, कंटाळली असंल. मी दिवसाला शंभर वस्तू तपासते आणि आईचे डोळे तपासले नाहीत."

मी तिची काही समजूत घातली नाही. म्हणाले, "कधी नेणार?"

"होळी झाली की."

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. डाव्यातला इतका पिकला होता की डॉक्टर म्हणाले, अजून उशीर केला असता तर अवघड होतं. एप्रिलमध्ये आधी डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. सुवर्णानं चार दिवस रजा घेतली आणि रजेच्या अर्जात कारण पूर्ण लिहिलं. भावेशनं सही केली. उजव्याचं दिवाळीनंतर करायचं आहे.

मेच्या शेवटी दुर्बीण न्यायला मी गेले ती थेट पाड्यावर, कारण सुवर्णा सुट्टीला तिथंच होती. वज्रेश्वरीच्या फाट्यावर दिनेश टेम्पो घेऊन थांबला होता. कुडाच्या घराच्या सावलीत ठकी सूप मांडीवर घेऊन बसली होती. हिरव्या काचांचा चष्मा तिनं डोक्यावर सरकवला होता. तो डोळ्यांवर ठेवावा म्हणून सुवर्णा सकाळपासून भांडत होती.

"हीच ती मास्तरीन बाई, आये," सुवर्णानं सांगितलं.

ठकीनं मला डाव्या डोळ्यानं नीट न्याहाळलं. पायापासून वरपर्यंत. मग सुपाकडे बोट केलं. निवडलेल्या खड्यांची छोटी रास कडेला जमली होती.

"ह्ये बग," ती मला म्हणाली, जणू मी जिल्ह्याहून चौकशीला आले होते. "तीन वरसं घरात सून तांदूळ निवडतीया. तीन वरसं मी खडं खाल्लं. न् मना वाटं, माझं दातच खराब जालं."

आतून सुनेचा आवाज आला, दुकानातला तांदूळच तसला असतो म्हणून. ठकीनं ऐकलं न ऐकलंसं केलं. सूप पुन्हा हलवलं, एक खडा उचलला, उन्हात धरून बघितला आणि राशीत टाकला. सुवर्णा माझ्यासाठी पाणी घेऊन आली. बुधा गोठ्यामागून बाज ओढत आणत होता. जेवायला किती वेळ आहे असं मी विचारलं, तर ठकी म्हणाली, थांब थोडी, आज भात मी निवडलेला हाय.